ओटा हलवायच्या आधी कागद हातात घ्या

जळकोटकरांनो, आणि जळकोटहून पुण्याला, सोलापूरला, मुंबईला, नवी मुंबईला जाऊन घर केलेल्या आपल्या सगळ्या माणसांनो,

हे आजच वाचा. नवरात्र तोंडावर आलंय. तुळजापुरात घट बसतील, दसऱ्याला सोनं वाटलं जाईल, आणि त्याच मुहूर्तावर शहरातल्या अनेक फ्लॅटांत पहिला हातोडा पडेल. दिवाळीच्या आत स्वयंपाकघर इकडचं तिकडे न्यायचं, असं बऱ्याच घरांत ठरलेलं असतं. कुणाला ते आग्नेयेला हवंय. कुणाच्या मुलाचं लग्न ठरलंय, एक खोली वाढवायची आहे. कुणाला ओटा बाल्कनीत सरकवायचाय, कुणाला मधली भिंत पाडून सगळं एकच मोकळं करायचंय. हौस आहे, गरज आहे, पोटाला चिमटा घेऊन साठवलेले पैसे आहेत. ह्यात कुणाचाच हेतू वाईट नाही.

तरीही थांबा. पहिला घाव घालायच्या आधी थांबा. विचारा. लेखी घ्या. मगच भिंतीला हात लावा.

का, ते सांगतो. 20 मे 2025 चा दिवस आठवा. कल्याण पूर्वेला चिकणीपाड्यातली सप्तशृंगी इमारत. चौथ्या मजल्यावरच्या एका घरात फरशीचं काम चाललं होतं. दुपारी तो स्लॅब खचला आणि खालचे स्लॅब सोबत घेत थेट तळमजल्यापर्यंत गेला. सहा माणसं गेली. तिथे कुणी मजला चढवत नव्हतं. कुणी इमारत पाडत नव्हतं. फरशी बदलत होते! खालच्या घरांतल्या लोकांनी तर काहीच केलं नव्हतं. ते आपापल्या घरात होते, एवढंच.

त्याआधी 25 जुलै 2017 ला घाटकोपरची साई दर्शन इमारत बसली. 17 जीव गेले. तळमजल्यावर फेरफाराचं काम चालू होतं, आणि इमारतीच्या आधाराला धक्का लावल्याच्या आरोपावरून गुन्हा दाखल झाला. वर राहणाऱ्या कुटुंबांनी आदल्या रात्री नेहमीसारखं दार लावलं होतं, सकाळी चहा केला होता.

तुम्ही असं काही होऊ देणार नाही, ह्याची मला खात्री आहे. म्हणूनच हे तुम्हाला लिहितोय. जो माणूस शेजाऱ्याच्या अंगणात आपलं पाणी जाऊ नये म्हणून चर खणतो, तो खालच्या मजल्यावरच्या लेकरांच्या जिवाशी जाणूनबुजून खेळणार नाही. पण नकळत खेळू शकतो. तेच टाळायचं आहे.

आपल्या भागाला तर हे समजावून सांगायची गरजच पडू नये. 30 सप्टेंबर 1993. पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती बोळवून गावं झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं क्षणात खाली आली. हजारो माणसं गेली. नळदुर्गपासून उमरग्यापर्यंत ज्यांचं वय आज पन्नाशीच्या पुढे आहे, त्यांना ती पहाट सांगावी लागत नाही. भूकंप आलाच, पण मारलं डोक्यावरच्या ओझ्यानंही. आपली माळवदं! गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी वर पांढऱ्या मातीचा थर. आजोबांनी टाकला, वडिलांनी टाकला, आपण टाकला. जुना थर कुणी उतरवला नाही. खाली मातीत रचलेल्या दगडी भिंती, वर फूट-दीड फूट माती. वर्षानुवर्षं ते ओझं वाढत होतं आणि रोज त्याच्याखाली आपण झोपत होतो. त्या ओझ्याला परवानगी कुणी दिली होती? कुणीच नाही. विचारायचं असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

आज ठाऊक आहे. म्हणून फ्लॅटमध्ये नवं माळवद घालू नका.

शब्दशः तेच घडतं, नीट बघा. सिंकचं पाणी जायला उतार लागतो. जुना ओटा होता तिथे शेजारी डक्ट होता, पाइप दोन हातांवर होता. आता ओटा दहा-बारा फूट लांब गेला. पाइप फरशीखालून न्यायचा, त्याला उतार द्यायचा, म्हणजे अख्ख्या खोलीची जमीन चार-सहा इंच उचलायची. कशानं? विटांचे तुकडे, वाळू, सिमेंट. मिस्त्री म्हणतो, 'कोबा टाकून देतो, काळजी नको.' आता हिशेब करा. ऐंशी चौरस फुटांच्या खोलीत सहा इंच भर टाकली तर साधारण दोन टन वजन होतं. राहत्या घराचा स्लॅब माणसं, सामान, कपाटं धरून चौरस मीटरला सुमारे 200 किलोचा भार सोसेल, असा आखतात. ही भर एकटीच चौरस मीटरला पावणेतीनशे किलोंच्या वर जाते. माणसं अजून आत आलीसुद्धा नाहीत. फ्रिज नाही, धान्याचे डबे नाहीत, गॅस नाही. त्यात नव्या जागी साडेचार इंची विटेची भिंत उभी केली, तर दहा फूट उंचीची ती भिंत दर धावत्या फुटाला दोनशे किलोंच्या आसपास भरते. ज्या स्लॅबखाली तिला पेलायला बीम नाही, त्याच्या मधोमध ती उभी राहते.

आणि पाइप लपवायचा म्हणून छिन्नी चालते. स्लॅब असतो चार-पाच इंचांचा. त्यातल्या सळईवर काँक्रीटचं कवच जेमतेम पाऊण-एक इंच. ब्रेकर लागला की ते कवच जातं आणि सळई उघडी पडते. वरून प्लास्टर मारलं, टाइल लावली, दिसायला झकास. पण आत पाणी पोचलं की सळई गंजते, फुगते, काँक्रीट फोडून बाहेर येते. त्याला चार वर्षं लागतील नाहीतर दहा. तोवर मिस्त्रीचा फोन नंबरसुद्धा बदललेला असतो.

म्हणून पहिलं काम हे करा. इंटीरियरवाल्याच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलवा. त्याला इमारतीचा मंजूर नकाशा द्या. नकाशा नसेल तर सोसायटीकडे मागा, तिथे नसेल तर महापालिकेत अर्ज करा, लागलंच तर माहितीच्या अधिकारात प्रत काढा. कुठली भिंत नुसती आडोशाची आहे आणि कुठली भार पेलते, ते त्याला खडूनं भिंतीवर लिहायला लावा. जुन्या, कॉलम नसलेल्या इमारतींत तर बहुतेक भिंतीच भार पेलतात. तिथे मधली भिंत पाडणं म्हणजे वरच्या घराचा पाय काढणं. नवं वजन स्लॅब सोसेल का, पाइप जमीन न उचलता भिंतीच्या कडेनं नेता येईल का, हलकी भर चालेल का, हे त्याच्याकडून सही-शिक्क्यानिशी घ्या. त्याची फी द्यायला कुरकुर करू नका. नळांच्या तोट्या निवडताना आपण कुरकुर करत नाही.

आता खाली वाका. तुमच्या घराच्या खाली कोण राहतं ते बघा.

नव्या ओट्याखाली त्यांच्या घरात काय आहे? बरेचदा झोपायची खोली असते. तिथे कुणाच्या लेकराचा पाळणा टांगलेला असतो. सिंकच्या खालचा ट्रॅप तुंबला, जोड सैल झाला, की थेंब तिथेच पडतो. ओला डाग आधी थाळीएवढा असतो, मग परातीएवढा होतो. मग पापुद्रे सुटतात. एखाद्या दिवशी तळव्याएवढा प्लास्टरचा तुकडा पलंगावर येतो. आणि वास्तूसाठी आग्नेय गाठणाऱ्यांना हात जोडून विचारतो: आपलं आग्नेय साधताना खालच्या बाईच्या देवघरावर खरकट्या पाण्याचा पाइप नेऊन ठेवायचा, हे कुठल्या शास्त्रात बसतं? वास्तू मानायची की नाही, तो तुमचा प्रश्न. मी त्यात पडत नाही. पण शेगडीचं तोंड फिरवून, ओट्याची दिशा बदलून भागत असेल तर सिंक आणि पाइप जिथे आहेत तिथेच राहू द्या. ज्यांनी तुम्हाला दिशा सांगितली त्यांनाही हे विचारा. समजूतदार असतील तर हो म्हणतील.

खालच्या घरी स्वतः जा. संध्याकाळी जा, घरातली माणसं असताना. काय करणार आहात ते कागदावर काढून दाखवा. त्यांच्या छताचा आजचा फोटो त्यांच्यासमोर काढून ठेवा. पुढे वाद झाला तर दोघांच्याही कामाला येईल. त्यांची सही घ्या. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, त्यांचं छत तुमच्या पायाखाली आहे म्हणून.

आता कागदांचं. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून जरा थांबून वाचा.

जळकोटात बहुतेकांची घरं स्वतःच्या जागेवरची. नमुना आठच्या उताऱ्यावर नाव असलं की घर आपलं, मग चूल कुठे मांडायची ते आपण ठरवतो. तीच सवय आपण शहरात घेऊन जातो. 'मी पन्नास लाख मोजलेत, माझ्या घरात मी काहीही करीन.' तसं नाही हो. फ्लॅटमध्ये चार भिंतींच्या आतली मोकळी जागा तुमची. भिंती, स्लॅब, पाइप, डक्ट सगळ्यांचे.

घर सहकारी गृहनिर्माण संस्थेत असेल तर आदर्श उपविधींत सरळ लिहिलंय की समितीच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय सदनिकेत भर घालायची नाही, फेरफार करायचा नाही. लेखी म्हणजे लेखी. जिन्यात भेटलेल्या चेअरमननी 'करा हो' म्हटलं, ती परवानगी नव्हे. व्हॉट्सअॅपवर आलेला अंगठाही नव्हे. सेक्रेटरीकडे अर्ज द्या, सोबत नकाशा आणि इंजिनिअरचा दाखला जोडा, पोच घ्या.

पुण्यात बऱ्याच इमारती सोसायटी नसून अपार्टमेंट आहेत, 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या. तिथे नियम आणखी कडक आहे. इमारतीच्या मजबुतीला धोका पोचवणारं किंवा तिचं मोल उतरवणारं काम बाकीच्या सगळ्या मालकांच्या एकमुखी संमतीशिवाय करता येत नाही. एकानं जरी 'नाही' म्हटलं तरी थांबावं लागतं. तुमचं घर दोन्हींपैकी कशात येतं ते माहीत नसेल तर आजच खरेदीखत काढून बघा.

आणि भाडेपट्टा. हा शब्द ऐकून अनेकांना वाटतं, आपला काय संबंध, आपण भाडेकरू थोडेच आहोत. संबंध आहे. नवी मुंबईत सिडकोनं जमिनी विकल्या नाहीत, 60 वर्षांच्या पट्ट्यानं दिल्या. म्हाडाच्या वसाहतींतही जमीन पट्ट्याची असते. म्हणजे घर तुमचं, पण घर ज्या जमिनीवर उभं आहे तिचा मालक दुसरा, आणि त्यानं करारात अटी घातलेल्या असतात. तो करार आपण सही करताना वाचत नाही. आता वाचा. 'पूर्वपरवानगीशिवाय' हा शब्द सापडेपर्यंत वाचा. करार गप्प असेल तरी 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा गप्प नाही. त्याचं कलम 108 सांगतं की पट्टेदारानं मालकाच्या संमतीशिवाय शेतीच्या कारणाखेरीज कायमचं बांधकाम उभं करू नये आणि इमारतीची नासधूस करू नये. सोसायटीची परवानगी मिळाली म्हणून पट्टा देणाऱ्याची मिळाली असं होत नाही. ही दोन दारं आहेत, दोन्ही ठोठावा. अट मोडली तर घर विकायच्या वेळी, मुलाच्या नावावर करायच्या वेळी, नेमका तिथेच कागद अडतो.

खरंच भाड्यानं राहत असाल तर एक गंमत सांगतो. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात, मालकाच्या लेखी संमतीविना कायमचं बांधकाम केलं तर घर खाली करून मागता येतं. पण कायमचं बांधकाम कशाला म्हणायचं नाही, हे सांगताना त्याच कायद्यानं उभ्यानं स्वयंपाक करायच्या ओट्याचं नाव घेतलंय. लाकडी आडोसा, धुराडं, हवेसाठीची खिडकी ह्यांच्या पंगतीत. ओटा घातला म्हणून घराबाहेर काढू नये, एवढी माणुसकी कायदा करणाऱ्यांना सुचली होती. मात्र तिथेही महापालिकेची परवानगी लागत असेल तर ती घेऊनच. आणि ओटा घालणं वेगळं, स्वयंपाकघरच उचलून दुसऱ्या खोलीत नेणं वेगळं.

ठेकेदार तुम्हाला आणखी एक गोष्ट सांगेल. 'आतल्या कामाला नगरपालिकेची परवानगी लागतच नाही.' ह्यात अर्धं खरं आहे. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याचं कलम 43 केवळ आतल्या भागापुरत्या कामाला सूट देतं. पण ती सूट नगररचनेच्या परवानगीपुरती. सोसायटी, पट्टा देणारा, शेजारी, गॅस कंपनी ह्यांच्या वतीनं तो कायदा सही करत नाही. बाल्कनी बंद केली, खिडकी बुजवली, डक्टमध्ये घुसलात, तर ते काम नुसतं आतलं राहत नाही. आणि कॉलमला, बीमला, भार पेलणाऱ्या भिंतीला हात लागणार असेल तर ती सूट विसरा. महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात जा आणि विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

हवेचंही बघा. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे स्वयंपाकघराला मोकळ्या हवेकडे उघडणारी निदान एक चौरस मीटरची खिडकी हवी. मधल्या, बिनखिडकीच्या खोलीत ओटा नेऊन वर चिमणी लावली म्हणजे भागलं असं समजू नका. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की वर जात नाही, फरशीवर पसरतो, ओट्याखालच्या बंद कपाटात साचतो. पहाटे कुणीतरी चहाला उठतं, अर्ध्या झोपेत बटण दाबतं. पुढचं लिहवत नाही. पाइपचा गॅस असेल तर ती नळी फक्त कंपनीचा माणूस हलवेल. प्लंबरला तिला हात लावू देऊ नका, टाइलच्या मागे ती लपवायला तर मुळीच सांगू नका. आणि सिलिंडरच्या गॅसचा वास आला तर फिरवायचा 1906 हा नंबर घरातल्या सगळ्यांना पाठ असू द्या, म्हाताऱ्यांना आणि लेकरांनाही.

गावातल्या वडीलधाऱ्यांनो, आता तुमच्याशी बोलतो. पोरगं पुण्याला घर घेतं, तुम्ही बघायला जाता. सून चहा आणते. तुम्ही दिशा बघता आणि म्हणता, 'ओटा चुकीच्या जागी आहे बघ.' तुमचा शब्द ते मोडत नाहीत. दुसऱ्या महिन्यात भिंत पडते. तुमच्या एका वाक्यात एवढी ताकद आहे. मग तीच ताकद आज वापरा. फोन लावा आणि विचारा: सोसायटीचा कागद आला का? इंजिनिअर येऊन गेला का? खालच्यांना विचारलंस का? तिन्हींतलं एक जरी 'नाही' आलं तरी सांगा, 'मग दसऱ्याचा मुहूर्त सोड. पाडव्याला कर. मी रागावणार नाही.' तुम्ही एवढं म्हटलं की त्यांच्या डोक्यावरचं निम्मं दडपण उतरेल. घाईचं मूळ बरेचदा आपल्याच बोलण्यात असतं.

आणि माझ्या गवंडी भावांनो, प्लंबर, फरशीवाले, सुतार दादांनो! मराठवाड्यातून तुम्ही कामाला शहरात गेलात, शहरांची घरं तुमच्या हातांनी उभी राहिली. कुठल्या भिंतीतून पोकळ आवाज येतो आणि कुठली मुकी आहे, ते तुम्हाला कळतं. छिन्नी सळईला लागली की हाताला कळतं. त्या क्षणी थांबा. मालक म्हणेल, 'तू कर, मी बघतो.' तो काय बघणार? स्लॅबखाली आधी तुम्ही असता. कामाला हात लावायच्या आधी म्हणा, 'साहेब, परवानगीचा कागद दाखवा.' एक काम जाईल, जाऊ द्या. राडारोडा एकाच खोलीत ढीग घालून ठेवू नका, रोजच्या रोज खाली उतरवा. वाळूची आणि सिमेंटची पोती खोलीच्या मधोमध रचू नका. काढलेल्या फरश्यांचा ढीग आणि नव्या फरश्यांची खोकी एकाच जागी आली, तर काम संपायच्या आधीच स्लॅबची परीक्षा होते.

चेअरमन, सेक्रेटरी मंडळी, तुम्हीही ऐका. सभासदाचा अर्ज तीन-तीन महिने दाबून ठेवलात तर तो वैतागून रात्रीत काम उरकतो. मग दोष कुणाचा? लवकर निर्णय द्या. नाही म्हणायचं असेल तर कारण लिहून द्या. इमारत पंधरा वर्षांची झाली असेल तर उपविधींप्रमाणे पाच वर्षांतून एकदा, आणि तीस वर्षांपुढे गेली असेल तर तीन वर्षांतून एकदा संरचना तपासणी करायची असते. तो अहवाल कपाटात कुलूपबंद ठेवू नका. त्यावरूनच तर ठरणार आहे, कुठल्या घरात आणखी किती वजन चालेल. आणि अर्जाबरोबर पाकीट मागू नका. सभासदांनो, कारण न देता अर्ज अडवला तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जायची वाट तुम्हाला मोकळी आहे. तिकडे जा. हातोडा घेऊ नका.

आपली काही लेकरं लंडनला, त्याच्या आसपासच्या गावांत आहेत. तिथे फ्लॅट बहुतेक पट्ट्याचेच. तिथे जमिनीच्या मालकाकडून फेरफाराची लेखी संमती काढावी लागते, तो आपला इंजिनिअर पाठवतो, त्याचा खर्च तुमच्याच माथी मारतो, आणि नगरपालिकेची बांधकाम तपासणी त्याहून निराळी. आपल्या माणसांना ते जाचक वाटतं. वाटू दे. 14 जून 2017 ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये लागलेली आग चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरातून निघाली होती, आणि बाहेरून लावलेल्या पत्र्यांनी ती वर नेली. 72 माणसं गेली. स्वयंपाकघर ही घरातली आगीची आणि पाण्याची जागा. ती हलवताना चार माणसांनी चार प्रश्न विचारले तर रागावू नका.

काही घरांत हे सगळं आधीच होऊन गेलेलं असेल. ओटा हललाय, परवानगी नाही, तीन वर्षं झाली, काही झालं नाही म्हणून सगळे निवांत आहेत. तुम्हालाच सगळ्यात कळकळीनं सांगतो. लपवू नका. घाबरून गप्प बसू नका. इंजिनिअरला आता बोलवा. भर काढून वजन उतरवता येतं, उघडी सळई साफ करून पुन्हा काँक्रीटनं झाकता येते, वेळ पडली तर खालून आधार देता येतो. मग सोसायटीकडे स्वतःहून अर्ज करा. आणि येत्या रविवारी खालच्या घराचं दार वाजवा. टॉर्च घेऊन जा. तुमच्या सिंकच्या नेमकं खाली त्यांचं छत बघा, बीमच्या कडेनं गेलेली बारीक चीर बघा, गंजाचा तांबूस ओघळ आहे का बघा. दरवाजे अलीकडे घासायला लागलेत का, ते त्यांना विचारा. ह्यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी पाण्याचा कॉक बंद करा, त्या खोलीतलं जड सामान हलवा, खालच्यांना ती खोली रिकामी करायला सांगा आणि सोमवारी सकाळी दहा वाजता इंजिनिअरच्या दारात उभे राहा.